सरकारी आरोग्य खात्यात जावं का? एमबीबीएस भाऊ आणि नर्सिंगच्या बहिणीला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तरुण सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस होऊन इंटर्नशिपच्या शेवटच्या टप्प्यात आहे. धाकटी बहीण बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील म्हणतात, दोघंही सरकारी आरोग्य खात्यात लागा, म्हणजे आयुष्याचा घोर मिटला. मित्र म्हणतात, पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, गेलास की संपलास. सर्दी-खोकल्याच्या गोळ्या वाटत म्हातारा होशील. खरं कुणाचं मानायचं?

मी आदिवासी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून लागलो, पुढे ग्रामीण रुग्णालय सांभाळलं, तालुका आरोग्य अधिकारी झालो. तेवढ्या भांडवलावर सांगतो. वडिलांचं म्हणणं वीस वर्षांपूर्वीच्या सरकारी नोकरीचं आहे, आणि मित्रांनी पीएचसी फक्त ओपीडीच्या खिडकीतून बघितलेली आहे. दोघांचंही अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुम्हाला आत शिरण्याआधी माहीत हवं.

पहिली गोष्ट, ‘सरकारी आरोग्य खात्यातली नोकरी’ अशी एकच नोकरी नसते. खेड्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखालची उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, ज्यांना लोक अजून सिव्हिल सर्जनच म्हणतात. मेडिकल कॉलेजं तिसऱ्याच खात्याची, वैद्यकीय शिक्षणाची. केईएम, नायर, सायन ही रुग्णालयं मुंबई महापालिकेची. याशिवाय रेल्वे, कामगार विमा आणि केंद्र सरकारच्या सेवा आहेत. केंद्राच्या आणि रेल्वेच्या पदांसाठी यूपीएससीची संयुक्त वैद्यकीय सेवा परीक्षा असते, तिला साधारणपणे ३२ वर्षांची वयोमर्यादा आहे. पगाराचा तक्ता बऱ्याच ठिकाणी जवळपास सारखा दिसतो, पण रोजचं आयुष्य अगदी वेगळं असतं. सिव्हिलमध्ये तुम्ही वॉर्ड बघाल. पीएचसीत तुम्ही गावं बघाल. हा फरक लक्षात न घेता लोक अर्ज भरतात आणि मग ‘आपल्याला हे जमत नाही’ म्हणून खातंच सोडतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: कोणत्या दारानं आत जाताय? कायम, बंधपत्रित की कंत्राटी? गावात तिघांनाही ‘सरकारी डॉक्टर’च म्हणतात. दहा वर्षांनी तिघांची परिस्थिती मात्र एकमेकांशी ताडून बघता येत नाही इतकी वेगळी झालेली असते.

तुमच्यापुढे बंधपत्र तसंही उभं आहे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सेवा द्यावी लागते, नाहीतर १० लाख रुपये भरायचे. पीजीनंतर, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणानंतर, हीच रक्कम ५० लाख होते आणि सुपरस्पेशालिटीनंतर २ कोटी. बहुतेक मुलं बंधपत्राकडे कटकट म्हणून बघतात आणि जवळचं, सोपं, शहरालगतचं ठिकाण मिळवायला धडपडतात. माझा सल्ला उलटा आहे. हे वर्ष तुमची चाचणी आहे. खात्यात राहायचं की नाही हे ठरवायला यापेक्षा चांगली संधी पुन्हा येणार नाही, कारण वर्षाच्या शेवटी दार मोकळं असतं. म्हणून ठिकाण असं मागा जिथं खरंच काम आहे: बाळंतपणं होतात, पावसाळ्यात सर्पदंश येतात, आणि आधीपासून एखादा जुना वैद्यकीय अधिकारी किंवा मुरलेली सिस्टर आहे. नवख्या डॉक्टरला पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त शिकवतात त्या लेबर रूमच्या सिस्टर.

आता कायम पदाचे फायदे. एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी हे गट-अ चं राजपत्रित पद. सातव्या वेतन आयोगात त्याची वेतनश्रेणी ५६,१०० ते १,७७,५०० रुपये. त्यावर महागाई भत्ता. शिवाय खासगी प्रॅक्टिस करायची नाही, या अटीवर मूळ वेतनाच्या ३५ टक्के व्यवसायरोध भत्ता. सुरुवातीच्या मूळ वेतनावर तोच १९,६३५ रुपये होतो. क्वार्टर मिळालं तर घरभाडं भत्ता नाही, आणि क्वार्टर बहुतेक ठिकाणी गळकंच असतं, हेही हिशेबात धरा. दहा, वीस, तीस वर्षांनंतर आश्वासित प्रगती योजनेत वरची वेतनश्रेणी मिळते, म्हणजे बढती अडकली तरी पगार त्याच जागी थिजत नाही. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात एकस्तर पदोन्नतीची, म्हणजे एक पायरी वरच्या पदाची, वेतनश्रेणी मिळते. तिथं आहात तोपर्यंतच, पण फरक जाणवण्याइतका असतो.

पेन्शनबद्दल वडिलांना मात्र नीट समजावून सांगा. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन. त्यानंतर लागलेल्यांसाठी अंशदायी योजना आली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत गेली: तुमच्या पगारातून १० टक्के कपात, सरकारचा वाटा १४ टक्के. शेवटच्या पगाराच्या निम्मं हमखास मिळायचं, तो वडिलांच्या पिढीचा हिशेब जसाच्या तसा तुम्हाला लागू नाही. या प्रश्नावर संप झाले, सरकारनं सुधारित पर्यायही आणले. रुजू होताना पर्यायाचा जो फॉर्म पुढे येईल तो वाचून भरा. मी अनेक डॉक्टर पाहिलेत ज्यांना औषधाचा डोस दशांशापर्यंत पाठ असतो, पण स्वतःच्या खात्यात काय जमा होतंय ते ठाऊक नसतं.

पण पैशासाठीच खात्यात राहणारे डॉक्टर फार काळ रमलेले मला दिसले नाहीत. तालुक्याच्या गावात बस्तान बसलेला खासगी डॉक्टर चार-पाच वर्षांत आपल्यापुढे जातो, आणि तो पुढे जातोय हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. पगार समाधानकारक आहे, श्रीमंत करणारा नाही. मग डॉक्टर राहतात कशासाठी?

माझ्या केंद्रातला एक पावसाळा सांगतो. सकाळच्या ओपीडीत एकाच गावचे जुलाब-उलट्यांचे चार रुग्ण आले. खासगी दवाखान्यात त्यांना सलाईन लागलं असतं, बरं वाटल्यावर ते घरी गेले असते आणि डॉक्टरचं काम तिथं संपलं असतं. आमचं तिथं सुरू झालं. केसपेपरवर पत्ता विचारला तर चौघंही एकाच आळीतले. आरोग्य सेवक मोटारसायकलवर निघाला. आशाताईंनी घराघरांत जाऊन आणखी कोण आजारी आहे ती यादी केली. दुपारपर्यंत कळलं की वरच्या आळीत कुणालाच काही नाही आणि खालच्या आळीत घराआड एक माणूस. दोन्हीकडे पाणी एकाच टाकीचं. म्हणजे टाकीत दोष नाही, वाटेत आहे. खालच्या आळीचा व्हॉल्व्ह गटाराला लागून होता, पाईप तिथंच फुटलेला. नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट केली तर पिवळा रंग येईना, म्हणजे क्लोरिनचा पत्ता नाही. ग्रामसेवक म्हणाले टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, रोज टाकतो. पोतं उघडून पाहिलं तर पावडरचा नुसता चुना झालेला.

त्या संध्याकाळी शाळेच्या खोल्यांत तात्पुरता दवाखाना सुरू झाला. ओआरएसची पाकिटं, मुलांना झिंक, सलाईन फक्त ज्यांना खरंच गरज त्यांनाच. पाण्याचे आणि शौचाचे नमुने प्रयोगशाळेत गेले. पाणीपुरवठा बंद करून टँकर लावायला सरपंच तयार होत नव्हते, कारण उद्या पेपरात गावाचं नाव येईल. गटविकास अधिकाऱ्यांना फोन करावा लागला. पाईप बदलला, रुग्ण कमी होत गेले, कुणी दगावलं नाही. या सगळ्यात माझं शुद्ध डॉक्टरी काम फार तर एक चतुर्थांश होतं. पण जे केलं त्यानं पुढच्या शंभर माणसांचा आजार टळला, आणि ते शंभर जण माझ्याकडे कधी आलेच नाहीत.

सरकारी आरोग्य सेवेतलं खरं मोल माझ्या मते हे आहे. खासगीत तुमचा रुग्ण तोच, जो दारात येतो. पीएचसीत कागदावरच लिहिलेलं असतं: सपाट भागात ३० हजार, डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्या तुमची. त्यातली गरोदर बाई तपासणीला आली नाही तर ती का आली नाही हे शोधणं तुमचं काम. टीबीच्या रुग्णानं गोळ्या सोडल्या तर त्याच्या घरी कोण गेलं, हे विचारणं तुमचं काम. आवड असेल तर हे काम माणसाला झपाटून टाकतं. आवड नसेल तर तेच काम निव्वळ रजिस्टरं भरणं होऊन बसतं. दोन्ही प्रकारचे डॉक्टर मी एकाच तालुक्यात, एकाच पगारावर पाहिलेत.

आणि ‘पीएचसीत गेलास की संपलास’ म्हणणाऱ्या मित्रांना महाडच्या बिरवाडीचं उदाहरण सांगा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, मरत असत. फुफ्फुसात पाणी भरायचं, हृदय थकायचं, आणि खेडेगावात त्यावर उपाय नव्हता. त्यांनी रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं निरीक्षण छापून आलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचूदंशात वेळेवर दिलं तर जीव वाचतो, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि चाळीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे तेव्हा मोठी प्रयोगशाळा नव्हती. शहरातल्या कुठल्याही प्राध्यापकाला मिळणार नाहीत इतके विंचूदंशाचे रुग्ण होते, आणि ते नीट बघायची चिकाटी होती.

प्रत्येकाच्या हातून असं काही होतं असं नाही. पण कच्चा माल प्रत्येकापुढे असतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माकडताप २०१५ पासून दिसू लागला आणि २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आला. तेव्हा काजूच्या बागेत जाणाऱ्याला ताप आलाय का, जंगलात माकडं मरून पडलीत का, हे विचारण्याची जबाबदारी गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर आणि पीएचसीच्या डॉक्टरवरच होती. लेप्टो, स्क्रब टायफस, सर्पदंश, सिकलसेल: हे आजार पुस्तकात एका परिच्छेदात संपतात. गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या नोकरीत मात्र ते वर्षभर समोर येत राहतात.

बढतीची शिडी सरळ आहे, पण हळू. वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी किंवा ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक, मग जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक, पुढे परिमंडळाचा (काही जिल्ह्यांच्या गटाचा) उपसंचालक, सहसंचालक, संचालक. राज्यात आठ परिमंडळं आहेत. वर जाल तशी जागा आकसते आणि स्टेथोस्कोप खुंटीला लागतो. ज्याला रुग्णांतच रमायचं आहे त्यानं या शिडीमागे धावू नये. विशेषज्ञ होऊन सिव्हिलला किंवा उपजिल्हा रुग्णालयात राहावं.

विशेषज्ञ व्हायचा सेवेतला मार्ग हा तरुणांसाठी सगळ्यात मोठा फायदा आहे, आणि त्याचीच चौकशी सगळ्यात कमी होते. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं की सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीच्या जागा राखून ठेवायचा अधिकार राज्यांना आहे. महाराष्ट्रानं २०२२ मध्ये तसा कोटा ठेवला. नीट-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावीच लागते, किती वर्षांची आणि कुठली सेवा हवी याच्या अटी असतात, आणि शिकून झाल्यावर खात्यात परत सेवा द्यायचं बंधपत्र असतं. पण खुल्या स्पर्धेत स्त्रीरोग किंवा बालरोगाची जागा ज्याला थोडक्यात हुकते, त्याला इथून ती मिळू शकते. शिवाय २०२० पासून राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या दोन वर्षांच्या पदविका जिल्हा रुग्णालयांत सुरू झाल्या आहेत: भूल, स्त्रीरोग, बालरोग, नेत्र, कान-नाक-घसा वगैरे. पीजी नको असेल तर एमबीबीएसवरच काही महिन्यांचं जीवरक्षक भूलशास्त्राचं आणि आपत्कालीन प्रसूती सेवेचं प्रशिक्षण आहे. ज्या तालुक्यात भूलतज्ज्ञ नाही तिथं भूल द्यायला शिकलेला एक डॉक्टर असला तर सिझेरियन जिल्ह्याला पाठवण्याऐवजी तिथंच होऊ शकतं. असल्या डॉक्टरला तालुका देवासारखा जपतो, आणि खातं कधीकधी अजिबात विचारत नाही.

ज्यांना रुग्णापेक्षा आकडे, साथी, धोरण यांची ओढ आहे त्यांनी एमपीएचचा, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, विचार करावा. पुण्यात विद्यापीठात, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, चेन्नईत आयसीएमआरच्या साथरोग संस्थेत चांगले अभ्यासक्रम आहेत. देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था आकडेवारीची आवड असलेल्यांसाठी. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा साथरोग गुप्तचर सेवेचा प्रशिक्षण कार्यक्रम २०१२ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे सर्वेक्षण वैद्यकीय अधिकारी पोलिओच्या काळापासून जिल्ह्याजिल्ह्यांत काम करतात. या जागांसाठी मुलाखतीला बसलात की समोरचे पदवीइतकंच हेही विचारतात की लसीकरणाचं सत्र तुम्ही स्वतः उभं केलंय का, आयएलआरचं, म्हणजे लस ठेवायच्या फ्रिजचं, तापमान दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेलं तेव्हा काय केलंत. पीएचसीत तीन वर्षं काढलेल्याकडे याचं उत्तर असतं.

आता बहिणीबद्दल. तुमच्या प्रश्नात ती दुसऱ्या ओळीत आली आहे, पण खरं सांगायचं तर तिच्यापुढचे पर्याय तुमच्यापेक्षा जास्त आहेत.

रुग्णालयातलं कायम पद म्हणजे अधिपरिचारिका, ज्याला बोलीत स्टाफ नर्स म्हणतात. वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४००. पुढे परिसेविका (सिस्टर इन्चार्ज), सहायक अधिसेविका, अधिसेविका (मेट्रन). शिकवायची आवड असेल तर पाठ्यनिर्देशिकेची वाट. बालरुग्ण, मनोरुग्ण अशा विशेष परिचारिकांची पदं वेगळी. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरसाठी देशभर एकच परीक्षा असते, नॉरसेट, आणि तिथं मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं. नागपूरचं एम्सही त्यातच येतं. इंग्रजी आणि पाठांतर बरं असेल तर तिनं ही परीक्षा राज्याच्या जाहिरातीची वाट बघत बसण्याऐवजी आधी द्यावी.

दुसरा पर्याय समुदाय आरोग्य अधिकारी, सगळे सीएचओच म्हणतात. २०१८ पासून उपकेंद्रांचं रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत, आताच्या नावानं आयुष्मान आरोग्य मंदिरांत, झालं आणि तिथं हे पद आलं. बी.एस्सी. नर्सिंग आणि आयुर्वेद पदवीधर दोघंही यासाठी पात्र. महाराष्ट्रात २५ हजार ठरलेलं मानधन आणि कामगिरीनुसार १५ हजारांपर्यंत मोबदला. उपकेंद्राचा कारभार स्वतःकडे, रक्तदाब-मधुमेहाचे रुग्ण स्वतः तपासायचे, गरज पडली तर टेलिकन्सल्टेशनवर डॉक्टरला दाखवायचे. स्वतंत्रपणे काम करायची हौस असलेल्या मुलीला हे वॉर्डपेक्षा नक्कीच आवडेल. पण पद कंत्राटी आहे. आणि मोबदल्याचे १५ हजार ज्या निर्देशांकांवर ठरतात त्यांतले बरेच तिच्या एकटीच्या हातात नसतात. ऑनलाइन नोंद राहिली तर केलेलं कामही मोजलं जात नाही. घरखर्च २५ हजारांवर बसवावा, वरचे आले तर आले.

कंत्राटीबद्दल इथंच बोलून घेतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली पदं सहसा ११ महिन्यांच्या करारावर असतात. करार वाढत जातो, माणसं पंधरा-पंधरा वर्षं काढतात. २०२३ च्या शेवटी मोठा संप झाला. मार्च २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला: दहा वर्षं सेवा झालेल्यांना नियमित पदांच्या ३० टक्के जागांवर सामावून घ्यायचं. निर्णय आणि अंमलबजावणी यांच्यात महाराष्ट्रात किती अंतर असतं, हे सांगायला नको. माझं मत असं की अनुभव म्हणून दोन-तीन वर्षं कंत्राटी काम जरूर करा, पण ‘कधीतरी कायम करतील’ या आशेवर वयोमर्यादा निघून जाऊ देऊ नका. प्रत्येक कायम भरतीचा अर्ज भरत राहा. २०२३ मध्ये आरोग्य विभागानं गट-क आणि गट-ड च्या १०,९४९ पदांची जाहिरात काढली होती, २०२४ च्या सुरुवातीला वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या १,७२९ पदांची. अशा जाहिराती वर्षानुवर्षं येत नाहीत आणि आल्या की एकदम येतात. तेव्हा कागद तयार नसलेला माणूस बाहेर राहतो.

बहिणीला सांगण्यासारखा एक फायदा पगारपत्रकात दिसत नाही. कायम पदावर १८० दिवसांची प्रसूती रजा असतेच, शिवाय मूल १८ वर्षांचं होईपर्यंत संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा घेता येते. मुलाची दहावी, आजारपण, कशासाठीही. खासगी रुग्णालयात पहिल्या बाळंतपणाबरोबर नोकरी सुटलेल्या सिस्टर मी इतक्या पाहिल्यात की हा मुद्दा मी प्रत्येक मुलीला सांगतो. पती-पत्नी दोघं नोकरीत असतील तर जवळजवळ बदली मागता येते. मिळतेच असं नाही, पण मागायला नियमाचा आधार असतो.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि औषध निर्माण अधिकारी ही पदं कमी चर्चेत असतात. तुमच्या मित्रमंडळींत डीएमएलटी, बी.फार्म. झालेले कुणी असतील तर त्यांनाही कळवा. टीबीच्या तपासणीचं ट्रूनॅट यंत्र, जे गोव्यातल्या कंपनीनं बनवलंय, आता तालुक्यापर्यंत पोचलंय; पूर्वी जिल्ह्याला पाठवून दिवसेंदिवस वाट बघायचो तो निकाल तालुक्याचा तंत्रज्ञ त्याच दिवशी देतो.

त्रासाची बाजू लपवत नाही. पदं रिकामी असतात. दोन डॉक्टरांच्या केंद्रावर एकटं राहायचं म्हणजे रात्र तुमची, दिवसही तुमचा. शवविच्छेदन करावं लागतं, पावसात, उजेड नसलेल्या खोलीत, आणि पाच वर्षांनी त्याच प्रकरणात साक्षीसाठी समन्स येतं तेव्हा तुमची बदली भलत्याच जिल्ह्यात झालेली असते. म्हणून एमएलसी (पोलिसांत नोंद होणारी प्रकरणं) आणि पीएमच्या (शवविच्छेदनाच्या) कागदाची स्वतःपुरती नोंद ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. पोर्टलं किती ते मोजायचं मी सोडून दिलंय. लसीकरणाचं वेगळं, टीबीचं वेगळं, माता-बालकांचं वेगळं, साथरोगांचं वेगळं. रेंज नसलेल्या पाड्यावर काम करून आलेली आरोग्य सेविका रात्री घरी बसून ते भरते.

स्थानिक पुढाऱ्यांचे फोन येतात. त्यातले निम्मे रास्त असतात, हे मान्य करायला नवीन डॉक्टरला वेळ लागतो. उरलेल्या निम्म्यांना नम्रपणे आणि लेखी उत्तर द्यायचं. नातेवाइकांचा जमाव अंगावर येणं हा खरा धोका आहे. डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण रात्री दोन वाजता कायदा दारात उभा नसतो. रुग्ण गंभीर आहे हे नातेवाइकांना पहिल्या दहा मिनिटांत, समोर बसून, दोनदा सांगणं, आणि १०८ ला फोन केल्याची वेळ केसपेपरवर लिहिणं, यानं माझ्या पाहण्यातले बहुतेक प्रसंग टळले.

हे सगळं असूनही एक आकडा मनात ठेवण्यासारखा आहे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी १६ होता, देशाचा २८. मोठी रुग्णालयं शहरांतच असलेल्या राज्यात हा आकडा एवढा खाली येण्यामागे मला आधी उपकेंद्रातल्या सिस्टर आणि घरी जाऊन बाळाचं वजन करणाऱ्या आशाताई दिसतात. तुमची बहीण त्या साखळीत शिरेल, तुम्हीही.

आता ताबडतोब करायच्या गोष्टी. आरक्षित प्रवर्गातले असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आजच करा. निवड झाल्यावर यासाठी ताटकळलेली मुलं दर भरतीत असतात. अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल तर चालू वर्षाचं नॉन-क्रिमिलेअर काढून ठेवा. तुमची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची आणि बहिणीची नर्सिंग कौन्सिलची नोंदणी निकालानंतर लगेच. एमएस-सीआयटी दोघांनीही करून टाका. क्षुल्लक वाटते, पण तिच्यापायी पुढे वेतनवाढी अडकतात. बंधपत्राच्या समुपदेशनाला जाण्याआधी दोन-तीन आरोग्य केंद्रांना स्वतः भेट द्या. तिथं डॉक्टरशी बोलाच, पण आधी लेबर रूमचं रजिस्टर उघडून गेल्या तीन महिन्यांत बाळंतपणं किती झाली ते बघा, आणि औषध भांडारात सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत ते विचारा. रजिस्टर कोरं आणि कुप्या नाहीत असं केंद्र घराजवळ असलं तरी घेऊ नका. जिथं रोज बाळंतपण होतंय, क्वार्टर मोडकं आहे आणि सिस्टर खमकी आहे, ते मागून घ्या. एक वर्ष झालं की पुन्हा लिहा. मग पीजीचा कोटा, एमपीएच की कायम भरती, याचं उत्तर तुमच्या तोंडून ऐकून पुढचा सल्ला देईन.